घटस्फोटानंतर ठरलेली मुलांची पोटगी पुढे वाढवून किंवा कमी करून कशी मिळते?

पारिजात_पुणे
नमस्कार. प्रश्न माझा स्वतःचाच आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. २०१८ साली आमचा घटस्फोट परस्परसंमतीने, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली झाला. माझ्यासाठी एकरकमी पोटगी ठरली, ती मिळाली आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा ताबा माझ्याकडे आला आणि तिच्या खर्चासाठी वडिलांनी दरमहा ९,००० रुपये द्यावेत, असे संमतीच्या अटींत लिहिले गेले. त्यांनी आजवर एकही महिना चुकवलेला नाही, हे आधीच सांगते. दर पाच तारखेला मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा संदेश येतो. फक्त त्या संदेशातला आकडा सात वर्षे तोच आहे.

मुलगी आता सातवीत आहे. गेल्या जूनपासून मी एका दोनशेपानी वहीत तिचा प्रत्येक खर्च लिहीत आले आहे. शाळेची फी ९६,०००, बसचे दरमहा २,६००, एकाच वर्षात दोनदा बदललेला चष्मा, तीन हप्त्यांत भरलेले दातांच्या तारांचे ४८,०००, आणि घरभाडे व किराण्यातला निम्मा वाटा. वर्षअखेरीस बेरीज ३,१२,००० झाली, म्हणजे महिन्याला २६,००० रुपये. माझा हातात येणारा पगार ५८,००० आहे. तिच्या वडिलांचा पगार तेव्हा साधारण माझ्याएवढाच होता, आता तो दीड लाखाच्या आसपास असावा. त्यांनी दुसरे लग्न केले आहे आणि त्यांना दोन वर्षांचा मुलगा आहे.

माझे प्रश्न असे: संमतीने ठरलेली रक्कम नंतर वाढवून मागता येते का? त्यांच्या दुसऱ्या संसाराचा विचार न्यायालय करते का? आणि मुख्य म्हणजे, सात वर्षे सुरळीत चाललेले संबंध न्यायालयात नेऊन बिघडवावेत का?

बार्शीलाईट
पुण्यात अकरा महिन्यांच्या भाडेकरारात दहा टक्के वाढीचे कलम घरमालक न विसरता घालतो, पण मुलीच्या तेरा वर्षांच्या खर्चाचा करार करताना दोन्हीकडच्या वकिलांना ते सुचले नाही, याचे नवल वाटते. बाकी धागा वाचतो आहे.

पारिजात_पुणे
बार्शीलाईट, त्या दिवशी आम्हा दोघांनाही फक्त सही करून तिथून बाहेर पडायचे होते. वाढीचे कलम राहून गेले त्याचे खरे कारण एवढेच आहे.

काळा_डगला
मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. तुमची कागदपत्रे पाहिलेली नसल्यामुळे सर्वसाधारणच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. पोटगीचा आदेश हा त्या दिवशीच्या परिस्थितीवर दिलेला असतो आणि परिस्थिती बदलली की तो बदलून मागण्याची सोय प्रत्येक कायद्यात ठेवलेली आहे. पत्नीच्या किंवा पतीच्या कायम पोटगीसाठी हिंदू विवाह कायद्याचे कलम २५(२), मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षणासाठी त्याच कायद्याचे कलम २६, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खालच्या रकमेसाठी त्याचे कलम २५, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात २००५ च्या कायद्याचे कलम २५(२). जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळाली असेल, तर पूर्वी कलम १२७ खाली अर्ज करत असत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ही कलमे अनुक्रमे १४४ आणि १४६ झाली आहेत. तुमचा हुकूमनामा हिंदू विवाह कायद्याखालचा असल्यामुळे मुलीसाठी कलम २६ खाली, ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच, अर्ज करण्याचा मार्ग सरळ आहे.

मात्र नुसते ‘महागाई वाढली’ असे लिहून भागत नाही. मूल मोठे झाले, शाळा बदलली, आजारपण आले, एकाचे उत्पन्न बरेच वाढले किंवा दुसऱ्याचे घटले, असा ठोस बदल कागदांनिशी दाखवावा लागतो. अर्ज दाखल झाल्यावर समोरच्याला नोटीस जाते, ते आपले म्हणणे दाखल करतात, दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि बहुतेक वेळा प्रकरण आधी समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थीला जाते. तुमची दोनशेपानी वही पावत्यांसह असेल, तर ती माझ्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

पारिजात_पुणे
सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका आहे. आमच्या अटींत ‘यापुढे दोन्ही पक्ष एकमेकांकडे कोणतीही मागणी करणार नाहीत’ असे वाक्य आहे. त्याने मुलीचाही हक्क अडतो का?

काळा_डगला
ते वाक्य तुम्हा दोघांपुरते आहे. आईवडिलांनी आपसांत काहीही लिहून घेतले तरी मुलीचा पालनपोषणाचा हक्क त्यांना सोडून देता येत नाही, कारण तो त्यांचा नसून तिचा असतो. म्हणून अर्जात ‘मला वाढवून द्या’ अशी भाषा येऊ देऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा
वरच्या प्रतिज्ञापत्राचा उगम आमच्या नागपुरातला आहे, हे अभिमानाने नोंदवतो. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांनी प्रतिज्ञापत्र देणे देशभर बंधनकारक झाले. एकाच गोष्टीसाठी दोन कायद्यांखाली पोटगी मागितली असेल, तर ती एकमेकांत वळती करायची आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच आहे. धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील असा की, नागपूरच्या मूळ आदेशात मुलाला आधी ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अशी पायरी न्यायालयानेच घालून दिली होती. नागपूरकर संत्र्याच्या भावासारखाच पोटगीचाही पुढचा विचार करतात.

उलट_बाजू
मी पैसे देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. मूळ प्रश्नाला ती वेगळ्या दिशेने लागू पडते.

मी मुलासाठी दरमहा १८,००० देत होतो. २०२३ मध्ये माझी सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली, चार महिने घरी बसलो आणि नंतर जी नोकरी मिळाली तिचा पगार आधीच्या दोन तृतीयांश होता. मी मनाशी ठरवले की सध्या १०,००० देऊ, परिस्थिती सुधारली की पुन्हा पूर्ण देऊ. मुलाच्या आईला तसा संदेश पाठवला. तिने ‘ठीक आहे’ असे काही लिहिले नाही, पण ‘चालणार नाही’ असेही लिहिले नाही, आणि मी ते मौन संमती समजून बसलो. सात महिन्यांनी वसुलीची दरखास्त, म्हणजे थकलेली रक्कम वसूल करण्याचा न्यायालयातला अर्ज, आली. न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसलेलो असताना माझ्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, की रक्कम कमी करून मिळण्याचा अर्ज तुम्ही कधी केलात? मी म्हणालो, केलाच नाही. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाले, मग आज ५६,००० रुपयांचे बोला.

त्यानंतर मी अर्ज केला, नोकरी सुटल्याचे पत्र आणि नवे पगारपत्रक जोडले आणि रक्कम पुढच्यासाठी १४,००० झाली. मागची थकबाकी मात्र पूर्ण भरावी लागली, कारण आदेश बदलेपर्यंत जुनाच आकडा चालू राहतो. प्रतिज्ञापत्रात मी गाडीच्या कर्जाचा हप्ताही खर्चात दाखवला होता. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवून विचारले की गाडी मुलाच्या आधी येते का. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पारिजात, तुम्ही सरळ नोटीस पाठवण्याआधी त्यांच्याशी एकदा बोला. आकडा कमी करायला जसा आम्हाला अर्ज लागतो, तसा वाढवायला तुम्हालाही लागतो. पण पाच तारीख न चुकवणाऱ्या माणसाला अचानक नोटीस मिळाली, तर तो पहिल्यांदा वकिलाला फोन करील आणि मुलीला नंतर.

तिसरी_घंटा
उलट_बाजू, तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर ठेवून असहमत आहे. ‘आधी बोला’ हा सल्ला नेहमी मागणाऱ्या बाईलाच दिला जातो. त्या माणसाला मुलगी सातवीत गेली हे ठाऊक नाही का? शाळेची फी पहिलीत होती तेवढीच राहिली असेल, असे त्याला खरोखर वाटते का? शिवाय बोलण्यात गेलेले महिने वाया जातात, कारण वाढ मिळाली तरी ती अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याआधीच्या सात वर्षांचा फरक कोणी भरून देत नाही.

उलट_बाजू
मुद्दा मान्य आहे. बोलण्याला मुदत घालावी, एवढी दुरुस्ती करतो.

लंडनकर
थोडे अवांतर वाटेल, पण तुलनेसाठी लिहितो. ब्रिटनमध्ये दोघांचे जमले नाही तर सरकारचा चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस हा विभाग हिशेब करतो. पैसे देणाऱ्याचे एकूण उत्पन्न करखात्याच्या नोंदींतून घेतले जाते आणि मूळ दरात एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के लावतात. आठवड्याला ८०० पौंडांपुढच्या उत्पन्नावर दर कमी होतो. नव्या घरात त्याच्यासोबत दुसरे एक मूल राहत असेल, तर आधी उत्पन्नातून ११ टक्के वजा केले जातात. वर्षातल्या किमान ५२ रात्री मूल त्याच्याकडे राहिले तर रक्कम एक सप्तमांशाने उतरते. दरवर्षी आढावा आपोआप होतो आणि मध्येच बदल हवा असेल तर उत्पन्नात निदान २५ टक्क्यांचा फरक पडलेला असावा लागतो. ज्याच्याकडे मूल राहते त्याचे उत्पन्न मात्र या हिशेबात धरतच नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याचे प्रकरण जवळून पाहिले आहे. आकड्यावर भांडण झाले नाही, पण रात्री मोजण्यावर झाले. मुलगा आजीकडे झोपला तर ती रात्र कोणाच्या खात्यात, यावर दोन शहाणी माणसे तीन महिने पत्रव्यवहार करत होती.

बार्शीलाईट
आपल्याकडे रात्रीऐवजी आंब्याच्या पेट्या मोजल्या असत्या.

धूळपाटी
पण आपल्याकडेही २५ टक्क्यांचे सूत्र आहे ना? पगाराचा चौथा हिस्सा पत्नीला, असे सर्रास ऐकतो.

काळा_डगला
ते सूत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य ठरेल असे म्हटले आणि तेव्हापासून प्रत्येक अर्जात ते वाक्य येते. त्या निकालाचा पुढचा भाग फार कमी लोक वाचतात, आणि तो पारिजात यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे: पतीने दुसरे लग्न केले होते, त्याला त्या संसारात मूलही होते, हे लक्षात घेऊन उच्च न्यायालयाने ठरवलेले २३,००० रुपये २०,००० वर आणले गेले. म्हणजे दुसरा संसार विचारात घेतला जातो, पण त्यामुळे पहिल्या अपत्याची जबाबदारी संपत नाही.

वाढीच्या कलमासाठी अलीकडचा दाखला २९ मे २०२५ चा आहे. तोही बंगालचाच आहे. पत्नीची कायम पोटगी दरमहा ५०,००० करताना सर्वोच्च न्यायालयाने दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आदेशातच लिहिली. त्या जोडप्याचा मुलगा २६ वर्षांचा झालेला असल्यामुळे त्याच्यासाठी मात्र सक्तीचा आदेश दिला नाही.

हिशेबनीस
मी पेशाने लेखापाल आहे, म्हणून आकड्यांवर बोलतो आणि पारिजात यांना आवडणार नाही असे काही बोलतो. २६,००० हा आकडा न्यायालयात तसाच टिकणार नाही. दातांच्या तारांचे ४८,००० हा एकदाच होणारा खर्च आहे. तो मासिक सरासरीत मिसळला की समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तो बाहेर काढील आणि मग उरलेल्या वहीवरचा विश्वासही उडेल. तो वेगळा मागा. तो काढल्यावर मासिक आकडा २२,००० होतो. घरभाड्यात निम्मा वाटा धरण्यावरही वाद होईल, कारण मुलगी नसती तरी तुम्हाला घर लागलेच असते. एक तृतीयांश धरलात तर समर्थन करणे सोपे जाईल.

दुसरे, आई कमावती असेल तर मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात वापरले होते. त्यात वडिलांचा आणि आईचा वाटा दोनास एक ठरला होता. तुमचे ५८,००० आणि त्यांचे दीड लाख खरे मानले, तर वाटा साधारण २८ आणि ७२ टक्के पडतो आणि २२,००० पैकी त्यांच्याकडे १५,८०० च्या आसपास येतात. त्यांचा लहान मुलगा जमेस धरून त्यात थोडी घट होईल. म्हणजे वाटाघाटीला बसताना मनात १३ ते १६ हजारांची पट्टी ठेवा.

जाता जाता कराबद्दल. पत्नीला मिळणारी मासिक पोटगी हे तिचे करपात्र उत्पन्न आणि एकरकमी मिळालेली रक्कम भांडवली जमा, म्हणजे करपात्र उत्पन्न नव्हे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निर्णय आहे. मासिक रक्कम सोडून एकरकमी घ्यायची वेळ आली, तर हा फरक लक्षात असू द्यावा.

पारिजात_पुणे
हिशेबनीस, पहिल्यांदा वाचले तेव्हा रागच आला, दुसऱ्यांदा वाचल्यावर वहीत दातांचे पान वेगळे केले.

निवृत्त_शिरस्तेदार
तरुण मंडळींची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. मी तालुक्याच्या न्यायालयात नोकरी केली. त्या काळी कलम १२५ खाली दरमहा मिळणाऱ्या रकमेवर ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. न्यायाधीशांना अधिक द्यावेसे वाटले तरी देता येत नसे. केंद्राने २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा काढून टाकली.

वसुलीच्या दिवशी बाया सकाळी पहिल्या एस.टी.ने येत, पदराच्या गाठीत मागच्या तारखेची चिठ्ठी असे, आणि पुकारा होईपर्यंत जिन्याखाली बसून राहत. समोरचा हजर नसला की पुढची तारीख. कित्येकींना हे ठाऊक नसे, की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या कलमाखाली वॉरंट निघत नाही. दोन-दोन वर्षे थांबून आलेल्यांना ते सांगणे हे माझे सर्वांत नावडते काम होते. आणि कैदेत गेला म्हणजे पैसे फिटले, हा समज नवऱ्यांमध्ये तेव्हाही होता. कैदेने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे.

मधली_खोली
मी या धाग्यातल्या ‘मुलीच्या’ जागेवर होते. आता सत्तावीस वर्षांची आहे. कायद्याचे मला फारसे कळत नाही, तेव्हा एकच गोष्ट सांगते. आमच्याकडे रक्कम न्यायालयाने वाढवली नाही आणि आईबाबांनीही ठरवली नाही, त्यामुळे प्रत्येक जादा खर्चाची निरोप्या मीच होते. ‘बाबांना सांग सहलीचे पैसे भरायचे आहेत.’ ‘आईला विचार, मागच्या महिन्याचे कुठे गेले.’ आठवीत असताना मी सहलीचे पत्रक दप्तरातून बाहेरच काढले नाही आणि वर्गात सांगितले की मला गाडी लागते. पारिजातताई, न्यायालयात जा किंवा समोरासमोर बसून ठरवा, पण आकडा तुमच्या दोघांच्यात ठरू द्या आणि कागदावर येऊ द्या.

तिसरी_घंटा
मधली_खोली, हे लिहिलेत हे बरे केलेत.

धूळपाटी
मुलगी अठरा वर्षांची झाली की पैसे थांबतात का? आणि मुलीची भेट नाकारली तर वडील पैसे रोखू शकतात का, हेही कोणी सांगावे.

काळा_डगला
दुसरे आधी. भेट आणि पोटगी यांचा एकमेकांशी हिशेब लावता येत नाही. भेट मिळत नसेल तर भेटीसाठी अर्ज करावा. पैसे थांबवले की आपणच थकबाकीदार होतो.

अठराचे उत्तर कायद्यागणिक बदलते. जुन्या कलम १२५ खाली सज्ञान झाल्यावर, शारीरिक किंवा मानसिक असमर्थता नसेल तर, हक्क संपतो. परंतु हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली अविवाहित मुलीला स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करता येत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पारिजात यांनी नव्या अटींमध्ये पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा उल्लेख आत्ताच करून घ्यावा.

पारिजात_पुणे
तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. सर्वांचे प्रतिसाद छापून वाचले.

मी त्यांना एक पत्र लिहिले, वहीच्या गोषवाऱ्याचे एक पान जोडले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. बाराव्या दिवशी उत्तर आले. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिले होते की चष्म्याचा नंबर एवढा वाढला आहे हे त्यांना माहीत नव्हते. पुढे मात्र नेहमीचा सूर होता: घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्याचे पाळणाघर, आणि ‘तूही कमावतेस’. तरीही शेवटी त्यांनी ११,५०० चा आकडा दिला आणि दातांचा निम्मा खर्च मान्य केला. मी १५,००० आणि दरवर्षी पाच टक्के वाढ म्हटले. वाढीच्या कलमावर ते अडले आहेत. दरवर्षी ‘बघू’ असे त्यांचे म्हणणे आहे. त्या ‘बघू’ला सात वर्षे झाली असल्यामुळे मी कलम २६ खालचा अर्ज तयार करायला दिला आहे. समुपदेशकांसमोर बसायची त्यांचीही तयारी आहे.

काळा_डगला
हे चांगले झाले. समुपदेशकांसमोर जो आकडा ठरेल तो लेखी देऊन न्यायालयाकडून त्यावर आदेश घ्या. तसे झाले नाही, तर उद्या १५,००० येणे थांबले की दरखास्त मात्र ९,००० चीच लावता येईल.

उलट_बाजू
आणि त्यांना सांगा की ठरावीक वाढीचे कलम देणाऱ्याच्याही सोयीचे असते. पुढच्या जूनमध्ये नवे पत्र आणि नवी वही यापेक्षा पाच टक्के स्वस्त पडतात.

बार्शीलाईट
पुढची तारीख कळवा. आणि चष्म्याची पावती जपून ठेवा, या धाग्यात आजवर तिच्याइतके काम कोणीच केलेले नाही.